टॉवरची मुदत

सरांबद्दल गहिवरून लिहिणारे डोंबिवलीत पुष्कळ सापडतील. त्यांचे जुने विद्यार्थी आता मोठ्या कंपन्यांत आहेत, काही परदेशात आहेत, आणि गुरुपौर्णिमेला 'आमचे टॉवरवाले सर' असं लिहून त्यांचा फोटो टाकतात. खाली हात जोडल्याची शंभर चित्रं. मी त्यांच्यातला नाही. मला त्या माणसाचा राग होता, आणि बराचसा अजून आहे. तो का आहे ते लिहितोय. गहिवर हवा असेल त्यांनी इथेच थांबावं.

सर डोंबिवली पूर्वेला तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायचे. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नोकरी करून रिटायर झालेले. पुढच्या खोलीत डिप्लोमाच्या मुलांना इंजिनियरिंग ड्रॉइंग शिकवायचे. म्हणजे फी ड्रॉइंगची घ्यायचे आणि शिकवायचे आयफेल टॉवर. माझी आई दिवा स्टेशनच्या बाजूला आमच्या वस्तीत टँकरची वाट बघत उभी राहायची, आणि मी इकडे या माणसासमोर बसून पॅरिसच्या लोखंडात किती रिव्हेट ठोकले ते ऐकायचो. पंचवीस लाख. अजून पाठ आहे. परीक्षेत विचारलं नाही.

भिंतीवर टॉवरचं भलंमोठं ड्रॉइंग होतं. फोटो नव्हे, ड्रॉइंग. त्यांनी स्वतः काढलेलं. फोटो त्यांना चालायचा नाही. "फोटोत दिसतं, कळत नाही," म्हणायचे. कॉलर बंद, बाह्या मनगटापर्यंत बटण लावलेल्या, खिशात पेन्सिली कडकपणाच्या क्रमाने आणि शेवटी एक लाल. हातात स्टीलची फूटपट्टी. सगळ्या मुलांना अहोजाहो करायचे, आणि ते प्रेमाने नव्हे.

"काय हो, तुमची ही लाइन कुठे चाललीय?"

"सर, थोडी चुकली. नंतर अ‍ॅडजस्ट करतो."

झालं. 'अ‍ॅडजस्ट' हा शब्द त्या खोलीत उच्चारायचा नसायचा. मग पाऊण तास टॉवर. "अठरा हजारांच्या वर तुकडे होते. प्रत्येकाचं ड्रॉइंग वेगळं. भोकं कारखान्यात पाडून आणलेली. साइटवर तुकडा बसला नाही तर काय केलं असेल?"

"कानस मारून, घासून बसवला असेल सर."

"कानस मारली! इथे मारतात. तिथे तुकडा परत कारखान्यात पाठवला. साइटवर कानस नाही. समजलं?"

आतून काकूंचा आवाज यायचा, "झाला का उभा करून तुमचा टॉवर? चहा गार होतोय." सर त्यांच्याकडे लक्ष द्यायचे नाहीत. काकू चहाचे कप ठेवताना आमच्याकडे बघून हळूच म्हणायच्या, "आमच्या लग्नातही हेच सांगत बसलेले रे. भटजी थांबलेले."

एकदा मी विचारलेलं, "सर, तुम्ही पॅरिसला गेलेलात का?"

"कशाला?"

"म्हणजे… बघायला."

"ड्रॉइंग आहे ना माझ्याकडे," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीने विषय संपलेला.

त्यांच्या दोन सवयी सांगतो, कारण पुढे त्या माझ्या मानगुटीवर बसल्या. पहिली सवय तिरप्या दांडीची. चौकोन लुळा असतो, त्यात तिरपी दांडी घातली की त्याचे त्रिकोण होतात आणि मग तो उभा राहतो. एवढी साधी गोष्ट. पण हा माणूस कुठेही गेला की तिरपी दांडी शोधायचा. दुकानाची रॅक, बसस्टॉपची शेड, नवरात्रातलं स्टेज. एका विद्यार्थ्याच्या बहिणीच्या लग्नात ते मांडवाच्या दारात थबकले, वर बघितलं आणि विचारलं, "तिरपी दांडी कुठे आहे?" मांडववाला म्हणाला, "काका, आपण वीस वर्षं मांडव घालतोय." सर म्हणाले, "वीस वर्षं नशीब आहे तुमचं." आणि आत शिरलेच नाहीत. रस्त्यावर उभं राहून जेवले. मुलीचा बाप पाया पडायला आला तरी नाहीत. मांडव काही पडला नाही. मी दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये मुद्दाम सांगितलं, "सर, मांडव उभाच होता." ते म्हणाले, "अजून."

दुसरी सवय पोच घेण्याची. शीट दिलं की ते मागे लाल पेन्सिलीने 'मिळाले', तारीख, वेळ, सही असं करायचे. त्यांनी तुम्हाला काही दिलं, अगदी झेरॉक्सचा एक कागद, तर तुम्ही त्यांच्या वहीत तसंच लिहायचं. एकदा मी शीट दिलेलं आणि त्यांना सापडेना. "सर, शपथ, मी दिलेलं." "पोच दाखवा." पोच माझ्याकडे नव्हती, कारण त्या दिवशी मी घाईत होतो. शीट पुन्हा काढायला लावलं. दहा दिवसांनी जुनं शीट त्यांच्याच कपाटामागे सापडलं. माफी? छे. म्हणाले, "बघा, पोच असती तर मी कपाट सरकवलं असतं."

मी ड्रॉइंगला नापास झालो. वर्ष गेलं, डिप्लोमा सुटला तो सुटलाच. पुढे मी आमच्या वस्तीच्या पाणी समितीत पडलो आणि पत्रकं लिहायला लागलो. तिथे कुणी रेघ मोजत नाही. तिथे आवाज लागतो, आणि आवाज माझ्याकडे होता.

आता वस्तीचं सांगतो. नाव देत नाही, त्या कार्यालयाचंही देत नाही. नोटिशी पुष्कळ झाल्यात. चार-चार, पाच-पाच मजल्यांच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या, नळाला येईल तेव्हा करंगळीएवढी धार, तीही तळमजल्यावर. वरच्यांनी कॅन वाहायचे. उंच टाकी बांधली तर पाण्याला दाब मिळेल हे शेंबड्या पोराला कळतं, आणि टाकीसाठी नकाशात एक भूखंड राखीवही होता. कितीतरी वर्षं तिथे फक्त गवत आणि क्रिकेट. टाकी कधी होणार, हा आमच्या समितीचा एकच प्रश्न.

त्या भूखंडावर दादांची नजर गेली. दादा म्हणजे आमच्याकडचे माजी नगरसेवक. माजी, पण फ्लेक्सवर कायम आजी. दादा कुटुंबाला घेऊन युरोपची टूर करून आले आणि त्यांना सुशोभीकरणाचा झटका आला. भूखंडावर बाग, बागेत आयफेल टॉवरची पन्नास फुटी प्रतिकृती, रात्री लाइट. फ्लेक्स लागला: 'आता पॅरिस आपल्या दारी.' पाणी दारी नाही, पॅरिस दारी!

आमच्या समितीतल्या मंदाताई, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, घरी पोळीभाजीचे डबे करणाऱ्या, त्या फ्लेक्सखाली उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, "टॉवरवर चढून दिसेल का रे, पाणी कुठवर आलंय ते?"

आम्ही पेटलो. मी एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. 'पाणी नाही, टॉवर आहे! जाहीर निषेध!' आणि क्लासमध्ये फुकट ऐकलेला इतिहास पहिल्यांदा कामाला आला. लिहिलं की, खुद्द पॅरिसच्या जनतेने हा टॉवर धिक्कारला होता, तिथल्या लोकांनी याविरुद्ध पत्र काढलं होतं, मग तो आमच्या माथी का? वाक्य फक्कड जमलेलं. वाटलं, छापण्याआधी म्हाताऱ्याला दाखवावं. खोटं कशाला बोलू, मला त्यांची शाबासकी हवी होती. नापास पोरगा बघा काय करतोय.

चार दिवसांनी पत्रक परत मिळालं. सगळं लाल.

'जनतेने' खाली रेघ: 'चूक. काही नामवंत कलावंतांनी. जनता रांगा लावून चढली.' 'हुकूमशाही थाटात उभारला' खाली रेघ: 'चूक. स्पर्धा झाली होती.' 'एका माणसाच्या हौसेसाठी' खाली रेघ: 'चूक. मूळ कल्पना त्याच्या कंपनीतल्या दोन एंजिनियरांची. मालकाला आधी विशेष रस नव्हता. नाव मात्र मालकाचं लागलं. हे लिहा, हे तुमच्या उपयोगाचं आहे.' 'जाहीर निषेध' खाली रेघ: 'जाहीर कुठे? कोणाला? आवक क्रमांक?' आणि अगदी तळाला: 'हरकत दाखल केलीत का? मुदत किती? पोच?'

मी ते तळाचं वाचलंच नाही म्हटलं तरी चालेल. मला फक्त लाल दिसलं. मंदाताईंना म्हटलं, "वस्ती तहानेने मरतेय आणि यांना कलावंत आणि जनता यांच्यातल्या फरकाची पडलीय." पत्रक होतं तसंच छापलं. घरोघर वाटलं. मोर्चा काढला, रिकाम्या कॅनचा. व्हिडिओ फिरला. दादांनी आम्हाला बोलावून चहा पाजला, आम्ही त्यांना निवेदन दिलं, निवेदन देतानाचा फोटो काढला, दादा फोटोत आमच्यापेक्षा जास्त गंभीर दिसत होते. फोटो सगळ्या ग्रुपवर टाकला. लोक म्हणाले, जबरदस्त.

आमच्यासारखे लोक चळवळ म्हणजे हेच समजतात. निवेदन, फोटो, ग्रुप. त्या निवेदनाच्या प्रतीवर कुणाचीही सही नव्हती. कागद दादांच्या टेबलावर राहिला आणि बहुतेक त्यावरच नंतर फरसाण ठेवलं गेलं.

आणि मग सुनावणी लागली. भूखंडाचा वापर बदलायचा तर जाहिरात काढून हरकती मागवायच्या असतात, तीस दिवसांत लेखी. जाहिरात निघालेली. तीस दिवस गेलेले. आम्ही सगळे, साठ-सत्तर माणसं, कॅन घेऊन सभागृहात. सुनावणीला एक मॅडम होत्या, थकलेल्या चेहऱ्याच्या, समोर दोन फायली. पहिल्या रांगेत दादा आणि त्यांचा पुतण्या, पुतण्याच्या हातात डायरी. मॅडमनी वाचलं: "मुदतीत प्राप्त हरकती, एक."

मी उभा राहिलो. "मॅडम, आमचा मोर्चा आलेला! आमचं निवेदन आहे!"

"कुठे दिलंत?"

"दादांना."

हॉल हसला. दादा हसले नाहीत. मान हलवून त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं, ते जास्त लागलं.

"पोच आहे?" मॅडमनी विचारलं.

मी खाली बसलो. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर ते लाल अक्षर आलं, तळाचं. 'पोच?'

एक हरकत कुणाची, हे तुम्ही ओळखलं असेल. आवक खिडकीवरचा क्लार्क फाइल घेऊन उभा होता, तो वैतागून म्हणाला, "मॅडम, या सरांनी माझ्याकडून शिक्क्याखाली वेळसुद्धा लिहून घेतली. अकरा वाजून दहा मिनिटं. शिक्का पुसट आला म्हणून पुन्हा मारायला लावला."

सर मागच्या रांगेतून उठून पुढे आले. फूटपट्टी हातात. मी वाटेत त्यांचा हात धरला. म्हटलं, "सर, एकच वाक्य बोला. हा भूखंड पाण्याच्या टाकीसाठी राखीव आहे. एवढंच. पाया पडतो."

"माझ्या हरकतीत टाकी नाही," सर म्हणाले.

"मग आता घाला ना!"

"लिहिलेलं नाही ते कसं बोलू? तुम्ही लिहायला हवं होतंत."

मॅडमनी दहा मिनिटं दिली. सरांच्या हरकतीत चार मुद्दे होते आणि चारही टॉवरचे. पहिला, प्रस्तावित प्रतिकृतीत तिरप्या दांड्या नाहीत, सबब ती आयफेल टॉवरची नसून बाजारात मिळणाऱ्या पत्र्याच्या रॅकची आहे. दुसरा, खालच्या कमानी चुकीच्या. तिसरा, चार पायांचा उतार चुकीचा. चौथा मुद्दा पुढे सांगतो, कारण तिथे पोचायला त्यांना नऊ मिनिटं लागली.

नऊ मिनिटं! सत्तर तहानलेली माणसं बसलेली आणि हा माणूस पॅरिसला गेला. १८८९ चं प्रदर्शन. रिव्हेट. कलावंतांचं पत्र. त्या पत्राला मालक एंजिनियरने, आयफेलने, दिलेलं उत्तर. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. चार मिनिटं. सहा. सर सांगत होते, टॉवरला परवानगी होती वीस वर्षांची, वीस वर्षांनी शहराला तो पाडता आला असता. पण ते एंजिनियर वीस वर्षं हात बांधून बसले नाहीत. पहिल्यापासून त्यांनी टॉवरला कामाला लावलं. वर हवामानाची उपकरणं, वाऱ्याचे प्रयोग, मग बिनतारी संदेश. मुदत संपत आली तेव्हा तो लष्कराच्या कामाचा झाला होता. "सुंदर म्हणून नाही वाचला तो, मॅडम. कामाचा होता म्हणून वाचला." आठ मिनिटं. मंदाताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "हा कोणाच्या बाजूचा आहे रे?" मी म्हटलं, "लोखंडाच्या."

"सर, आवरा," मॅडम म्हणाल्या.

"चौथा मुद्दा. मूळ टॉवरला मुदत होती. या प्रतिकृतीची मुदत प्रस्तावात नमूद नाही. किती वर्षं?"

मॅडमनी फाइल चाळली. दादांकडे बघितलं. दादांनी पुतण्याकडे बघितलं. मॅडम कंटाळलेल्या होत्या, जेवायची वेळ झालेली. म्हणाल्या, "आरक्षण कायम आहेच. त्यामुळे हे बांधकाम तात्पुरतं धरू. पाच वर्षं. लिहा."

"निर्णयात लिहा," सर म्हणाले, "आणि प्रत मला द्या."

संपलं. टॉवरला परवानगी मिळाली. मंदाताई सगळ्यांदेखत ओरडल्या, "पाच वर्षं काय पिऊ मग? टॉवर?"

बाहेर पायऱ्यांवर मी सरांना गाठलं आणि जे मनात आलं ते बोललो. की तुमच्या घरी नळ सोडला की पाणी येतं म्हणून तुम्हाला कमानी सुचतात. की तुम्हाला माणसं दिसत नाहीत, दांड्या दिसतात. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "तुमचं लेखी द्या." आणि रिक्षाच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

टॉवर उभा राहिला. जमीन भरावाची, एक पाय खचलेला, त्याखाली लाद्या सरकवलेल्या. वर तिरंगी लाइट. उद्घाटनाला दादांनी सरांना बोलावलं, 'टॉवरचे अभ्यासक' म्हणून. आणि सर गेले! स्टेजवर शाल-नारळ घेतला. आम्ही खाली काळ्या फिती लावून उभे. सरांनी शाल घेतली, खिशातून कागद काढला, त्यावर 'शाल एक, नारळ एक, मिळाले' असं लिहून सही केली आणि तो दादांच्या हातात दिला. दादांना वाटलं ऑटोग्राफ आहे. मग खाली उतरून ते लाद्या सरकवलेल्या पायाशी वाकले, फूटपट्टी लावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कानस मारलीय." कुणाला काही कळलं नाही. मला कळलं, पण मी हसलो नाही. त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं सोडलं. ग्रुपवर कुणी त्यांचा फोटो टाकला की मी ग्रुप सोडायचो.

चार वर्षं गेली. लाइट पहिल्याच वर्षी गेले. टॉवर गंजला. त्याच्या आडव्या दांड्यांवर बायका गोधड्या वाळत घालायला लागल्या. कॅन तसेच, मंदाताईंचा जिना तसाच. गुडघे मात्र तसे राहिले नाहीत. पाचवं वर्ष लागलं आणि आमच्या समितीला वाटायला लागलं की आता मुदत संपते, टॉवर जातो, टाकीचा मार्ग मोकळा. आम्ही काय केलं? वाट बघितली. पत्रकाचा मजकूर तेवढा तयार ठेवला.

आणि दादांचं भाषण झालं. भूखंडावरच, खुर्च्या टाकून. म्हणाले, या टॉवरवर मोबाइलचा अँटेना बसवायचा प्रस्ताव आहे, सगळ्या वस्तीला रेंज मिळेल. "मित्रांनो, पॅरिसचा टॉवर सुंदर म्हणून नाही वाचला, कामाचा होता म्हणून वाचला! बिनतारी संदेशामुळे वाचला! आपलाही टॉवर आता लोकांच्या कामाला येणार!" टाळ्या. शब्द न शब्द सरांचा. मागे पुतण्या उभा होता, तीच डायरी घेऊन.

अँटेना एकदा चढला, पंधरा-वीस वर्षांचा करार झाला, की कुठली मुदत आणि कुठली टाकी. मी तिथूनच तडक डोंबिवलीला गेलो.

दार काकूंनी उघडलं. "ये रे," म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी?" सर खुर्चीत होते. बरेच थकलेले. ड्रॉइंग बोर्डावर कापड टाकलेलं. पण कॉलर बंद, पेन्सिली क्रमाने. मी बसलो नाही.

"तुम्ही शिकवलंत त्यांना," मी म्हटलं. "तुमची नऊ मिनिटं. टॉवर कसा वाचवायचा ते दादांना तुम्ही शिकवलंत. आम्हाला मारायला हत्यार दिलंत तुम्ही."

"मी हॉलमध्ये बोललो," सर म्हणाले. "सगळ्यांसमोर बोललो. त्या मुलाने लिहून घेतलं." मग माझ्याकडे बघितलं. "तुम्ही घड्याळ बघत होतात."

मी खुर्ची ओढून बसलो.

"सर, पण तुम्हाला माहीत होतं ना आम्हाला टाकी हवी ते."

"माहीत होतं."

"मग सरळ का नाही सांगितलंत?"

"विचारलं होतं. लेखी. लाल पेन्सिलीने. पोच नव्हती आली तुमच्याकडून."

काकू आतून म्हणाल्या, "अहो, मुलगा तहानलेला आलाय, आधी पाणी तरी घेऊ दे त्याला." मला हसू आलं की रडू, ते नक्की सांगता येणार नाही. पाणी प्यालो. गार होतं, माठातलं.

मग सरांनी काकूंना कपाटातून एक फाइल काढायला सांगितली. सुनावणीच्या निर्णयाची प्रत, सही-शिक्क्याची. 'बांधकाम तात्पुरते, पाच वर्षांकरिता. आरक्षण कायम.' दोन वाक्यं. आमच्या समितीतल्या एकाही शहाण्याने ही प्रत मागितलेली नव्हती. आम्ही त्या दिवशी घोषणा देत बाहेर पडलेलो.

"तो एंजिनियर वीस वर्षं थांबला नाही," सर म्हणाले. "दादाही थांबले नाहीत. मुदत संपायची वाट फक्त तुम्ही बघताय."

मी तिथेच बसून हरकत लिहिली. पहिलं वाक्य 'आम्ही या अन्यायकारक प्रस्तावाचा जाहीर निषेध' असं होतं. लाल पेन्सिल आली. रेघ वेडीवाकडी गेली, पण शब्द बरोबर कापला. तिसऱ्या खेपेला उरलं ते पाऊण पान: भूखंडाचं आरक्षण, निर्णयाची तारीख, मुदत, मुदतीनंतर बांधकाम काढून टाकीचं काम सुरू करावं, मुदतीपलीकडचा कोणताही करार या निर्णयाविरुद्ध ठरेल. एकही उद्गारचिन्ह नाही. माझ्या हातून आलेलं इतकं कोरडं मी कधी वाचलं नव्हतं.

"याच्यात जोर नाही सर," मी म्हटलं.

"तिरपी दांडी आहे," ते म्हणाले.

निर्णयाची झेरॉक्स त्यांनी मला दिली. देण्याआधी वही पुढे केली. मी 'मिळाले' लिहिलं, तारीख, वेळ, सही. शाबासकी? अजिबात नाही. निघताना एवढंच म्हणाले, "अँटेनाची जाहिरात ज्या दिवशी निघेल त्या दिवशी द्या. तिसाव्या दिवशी नव्हे."

पावसाळ्यानंतर काकू त्यांना राजापूरकडे गावी घेऊन गेल्या. डोंबिवलीची जागा बंद आहे. मला त्यांची आठवण येते असं मी म्हणणार नाही. ती नऊ मिनिटं मी माफ केलेली नाहीत. एक वाक्य बोलले असते तर मंदाताईंचे जिन्याचे पाच वर्षांचे फेरे कदाचित वाचले असते. तोंडी वाक्याने काही झालं नसतं, हेही मला आता कळतं, आणि त्याचाही राग येतो.

गेल्या सोमवारी जाहिरात निघाली. मंदाताई आणि मी कार्यालय उघडायच्या आधी दारात. फोटो काढणारा कुणी बरोबर नेलेला नव्हता. आवक खिडकीवर तोच क्लार्क, आता चष्मा लागलेला. मी हरकत सरकवली, निर्णयाची प्रत जोडलेली. त्याने आमच्या प्रतीवर शिक्का मारला.

"क्रमांक स्पष्ट लिहा," मी म्हटलं. "आणि खाली वेळ घाला."

"वेळ लागत नाही."

"घाला. दहा वाजून दोन मिनिटं. आणि शिक्का पुसट आलाय, पुन्हा मारा."

त्याने पेन खाली ठेवलं. चष्म्यावरून मंदाताईंकडे बघितलं, मग माझ्याकडे. सुस्कारा टाकून म्हणाला, "तुम्ही त्या टॉवरवाल्या सरांचे विद्यार्थी का हो?"

ग्रुपवर हे कुणी विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो.

"हो," मी म्हटलं. "नापास झालेलो."

त्याने शिक्का शाईवर दाबून घेतला आणि पुन्हा मारला.